300 कोटींची राधिका आणि उकव्याचा प्रेक्षक

बालाघाटहून बैहरकडे जाणारा रस्ता घाट चढून वर आला की उकवा लागतं. गाव मँगनीजच्या खाणीचं. खाण भूमिगत, मालकी मॉइल या सरकारी कंपनीची, आणि मॉइलचं मुख्यालय नागपुरात. 1956 च्या नोव्हेंबरात राज्यांची फेररचना झाली, तेव्हा बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं आणि नागपूर मुंबई राज्यात गेलं. त्याआधी दोन्ही एकाच प्रांतात होती आणि त्या प्रांताची राजधानी नागपूरच होती. रेघ ओढली गेली तरी सोयरिकी गोंदिया-भंडाऱ्याकडे चालूच राहिल्या. या टापूत हिंदी, पोवारी, गोंडी आणि मराठी एकाच बाजारात कानावर पडतात. पोरांची शाळा हिंदीत, सरकारी कागद हिंदीत. मराठी उरते ती घरात आणि टीव्हीच्या पडद्यावर.

अशा घराला मराठी मालिकांमधली सगळ्यात जवळची नायिका कोण, तर राधिका सुभेदार. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका झी मराठीवर ऑगस्ट 2016 मध्ये सुरू झाली आणि मार्च 2021 पर्यंत चालली. राधिका नागपूरची, लग्न करून मुंबईकडे आलेली, नाकासमोर चालणारी गृहिणी. नवरा गुरुनाथ ऑफिसातल्या शनायाच्या नादी लागतो आणि राधिकाला आपल्याच संसारात परकी ठरवतो. अनिता दाते यांनी ती साकारली. त्या स्वतः नाशिकच्या, पण राधिकाच्या तोंडी ‘काहून’ आणि ‘बाप्पा’ होतं. मुंबई-पुण्याची नाहीतर कोल्हापूर-साताऱ्याची बोली ऐकायची सवय झालेल्या मराठी वाहिन्यांवर वैनगंगेच्या बाजूच्या माणसाला आपल्या दिशेचा सूर रोज रात्री ऐकू यायला लागला, ही गोष्ट लहान नव्हती.

अर्थात तो सूर किती खरा, हा प्रश्न होताच. राधिका बोलायची ती नागपूरची बोली कमी आणि ‘विदर्भातली असल्यासारखी’ बोली जास्त. अकोला-अमरावतीची वऱ्हाडी वेगळी, नागपूर शहराची हिंदीमिश्रित मराठी वेगळी, आणि भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडची झाडीबोली त्याहून वेगळी. मालिकेला एवढं बारीक जमत नाही. तिला एक ओळखीचा हेल हवा असतो, ज्यावरून ठाण्यातल्या प्रेक्षकाला चटकन कळावं की ही बाई ‘तिकडची’ आहे. ‘तिकडच्या’ माणसाला मग आनंद आणि चिडचिड दोन्ही एकदमच होतं.

राधिकाबद्दलचा मोठा वाद मात्र बोलीचा नव्हता. तिनं गुरुनाथला सोडावं की वठणीवर आणावं, या प्रश्नावर घराघरात दोन तट पडले. मालिकेनं दोन्ही तटांना वर्षानुवर्षं झुलवलं. राधिका त्याला धडा शिकवायची, पुन्हा घरच्यांसाठी गप्प बसायची, पुन्हा धडा शिकवायची. मध्येच तिनं मसाल्याचा धंदा काढला आणि बघता बघता ती 300 कोटींच्या कंपनीची मालकीण झाली. त्या 300 कोटींवर जेवढे विनोद महाराष्ट्रात झाले, तेवढे कुठल्या अर्थसंकल्पावर झाले नसतील. प्रेक्षकाला बाईनं धंदा काढण्यात काहीच खटकलं नव्हतं; पापड-मसाल्यावर उभ्या राहिलेल्या खऱ्या बायका त्यानं पाहिलेल्या असतात. खटकलं ते हे की कर्ज, जीएसटी, उधारी बुडवणारे दुकानदार यांपैकी काहीच आडवं न येता पैसा आला. मालिकेतल्या भुतावर विश्वास ठेवणारा माणूस हिशेबावर विश्वास ठेवत नाही, कारण हिशेब त्याला स्वतःला येतो.

आणि मग शनाया. लेखकांनी तिला नवरा पळवणारी म्हणून आणलं होतं. प्रेक्षकांनी तिला मजेशीर, बावळट, खर्चिक पोरगी म्हणून डोक्यावर घेतलं. रसिका सुनील यांनी 2018 मध्ये मालिका सोडली, ईशा केसकर आल्या, 2020 मध्ये पुन्हा रसिका सुनील परतल्या. प्रत्येक वेळी ‘खरी शनाया कोणती’ यावर गावभर चर्चा. गंमत अशी की राधिकाची बाजू घेऊन भांडणारेच शनायाची वाट पाहत बसायचे. राधिकानं अखेर सौमित्रशी दुसरं लग्न केलं, तोवर मूळ प्रश्नाची धार कधीच बोथट झाली होती.

वाईट पात्राचा हा लळा मराठी प्रेक्षकाला नवा नाही. निळू फुले पडद्यावर आले की बायका बोटं मोडायच्या, आणि त्यांचाच सिनेमा पाहायला पुन्हा यायच्या. दूरचित्रवाणीवर या लोभाचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे अण्णा नाईक. ‘रात्रीस खेळ चाले’ 2016 मध्ये सुरू झाली ती अण्णांच्या मरणानं. सिंधुदुर्गातल्या आकेरीच्या वाड्यात चित्रीकरण, मालवणी बोली, आणि मेलेल्या माणसाच्या सावलीत वावरणारं कुटुंब. त्या वेळी कोकणातून विरोध झाला. आमच्या गावांना भुताखेतांची गावं म्हणून दाखवता, अंधश्रद्धा पसरवता, असा आक्षेप होता, आणि तो पोकळ नव्हता. कोकणाबद्दल आधीच असलेल्या समजुतीवरच मालिका उभी होती. पण तीन वर्षांनी, जानेवारी 2019 मध्ये, दुसरं पर्व आलं ते काळात मागे जाऊन. ज्या माणसाच्या मृत्यूनं गोष्ट सुरू झाली होती, तो जिवंतपणी कसा होता हे त्यात होतं. माधव अभ्यंकर यांचा अण्णा लंपट, क्रूर, खुनी. अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता त्याच्या जाळ्यात आणि तो तिच्या. मधल्या काळात अण्णा कोकणाची बदनामी न राहता कोकणाचा माणूस होऊन बसला होता. तिसऱ्या पर्वात शेवंताचं काम करणारी अभिनेत्री बदलली तेव्हा लोकांनी जी कुरकुर केली, ती एखाद्या नातेवाइकाच्या जागी भलत्यालाच बसवल्यासारखी होती.

पात्र इतकं आपलं का होतं? एक कारण अगदी साधं आहे. सिनेमा तीन तासांत संपतो. रोजची मालिका आठवड्याचे सहा दिवस जेवणाच्या वेळेला घरात येते. दुसरं कारण मालिका बनवण्याच्या रीतीत आहे, आणि त्याची माहिती प्रेक्षकाला फारशी नसते.

मालिका दाखवता दाखवता लिहिली जाते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की बावीसेक मिनिटं उरतात. तेवढं रोज चित्रित करायचं, शिवाय काही भागांची ‘बँक’ हाताशी ठेवायची. पुढे काय होणार याचा ढोबळ आराखडा असतो, ‘ट्रॅक’ ठरलेले असतात. गुरुवारी बार्कचे, म्हणजे प्रेक्षकसंख्येचे, आकडे येतात आणि ट्रॅक हलतात. एखाद्याची एंट्री आधी होते, एखाद्याची एक्झिट लांबते, कथा पाच-सात वर्षं पुढे उडी मारते. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ 1890 नंतर ‘करमणूक’मध्ये क्रमशः येत होती, तेव्हाही वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत होता, पण हरिभाऊंना दर गुरुवारी कुणी आलेख दाखवत नव्हतं.

आलेखाचा परिणाम कसा होतो याचा नमुना म्हणजे जान्हवीचं बाळंतपण. ‘होणार सून मी ह्या घरची’ 2013 मध्ये आली. श्री, जान्हवी आणि एका घरात सहा सासवा, अशी ती लाडकी मालिका होती. लाडकी म्हणूनच ती संपवायची कुणाची छाती होईना. जान्हवीला दिवस गेले आणि ते जातच राहिले. महिने उलटले, सण आले-गेले, मूल काही होईना. मोबाइलवर विनोदांचा पाऊस पडला. हत्तिणीचासुद्धा दाखला दिला गेला. 2016 च्या जानेवारीत मालिका संपली, तेव्हा सुटका जान्हवीची झाली की प्रेक्षकांची, हे सांगणं कठीण होतं. याउलट 2012 मधली सतीश राजवाडे यांची ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ घना-राधाची गोष्ट सांगून वर्षाच्या आतच आटोपली. तिच्याबद्दल अजूनही कुणी वाईट बोलत नाही. आवडत्या मालिकेनं वेळेवर निरोप घ्यावा असं प्रेक्षक म्हणतो खरा, पण उद्यापासून ती दिसणार नाही म्हटलं की हाच प्रेक्षक कासावीस होतो. वाहिनीवाल्यांना ही दुबळी जागा पक्की ठाऊक आहे.

कासावीस झालेला प्रेक्षक काय करू शकतो, याचे दाखले देशभर आहेत. 1988 मध्ये रामानंद सागरांचं ‘रामायण’ रामराज्याभिषेकापाशी संपायला आलं, तेव्हा पंजाबात जालंधर आणि आणखी काही शहरांतल्या सफाई कामगारांनी संप केला. वाल्मीकी समाजाचं म्हणणं होतं की लव-कुश आणि वाल्मीकी ऋषींचा भाग दाखवल्याशिवाय कथा पुरी कशी होते? रस्त्यांवर कचरा साठला आणि पुढे उत्तर रामायण पडद्यावर आलं. 2001 मध्ये ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधला मिहीर अपघातात मेला आणि घरोघर सुतक पाळावं तसं झालं, त्याला परत जिवंत करावं लागलं. अमेरिकेतल्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा शेवट 2019 मध्ये रसिकांना पटला नाही, तेव्हा शेवटचं पर्व पुन्हा लिहून काढा, अशा अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. पुन्हा कुणी लिहिलं नाही. या तिन्हींत जालंधरचा संप वेगळा. तिथे आवडत्या पात्राचा हट्ट नव्हता. आपला पूर्वज गोष्टीतून गळतोय, हा राग होता.

मराठीत असा राग इतिहासावरच्या मालिकांच्या वाट्याला येतो. अमोल कोल्हे यांची ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ 2017 ते 2020 चालली, तेव्हा शेवटचे प्रसंग किती दाखवायचे यावर वाद झाला. तिथे प्रत्येक प्रेक्षक इतिहासकार असतो, आणि पटकथाकाराला चुकायची मुभाच नसते. कौटुंबिक मालिकेत रागाचं रूप निराळं. 2021 मध्ये ‘येऊ कशी तशी मी नांदायला’त स्वीटूचं लग्न ओमऐवजी मोहितशी लागलं आणि लोक खवळले. जाड मुलीला नायिका केलं म्हणून ज्यांनी मालिकेचं कौतुक केलं होतं, त्यांनीच मालिका बंद करा म्हटलं. त्याच वर्षी ‘देवमाणूस’चं पहिलं पर्व संपलं. वाई परिसरात 2016 मध्ये उघडकीला आलेल्या खूनसत्रावर ती बेतलेली होती. किरण गायकवाड यांचा बनावट डॉक्टर वर्षभर एकेक खून पचवत गेला. शेवटी त्याला फासावर पाहायला बसलेल्यांच्या हाती काही लागलं नाही, आणि डिसेंबरात दुसरं पर्व सुरू झालं. इथे प्रेक्षकाचं म्हणणं रास्त होतं. खऱ्या मेलेल्या माणसांवर बेतलेल्या गोष्टीत खुन्याला पुढच्या पर्वासाठी राखून ठेवणं हा धंदा झाला.

मात्र प्रेक्षक दरवेळी बरोबर असतो असं नाही. 2018 मध्ये ‘तुला पाहते रे’ आली, तेव्हा विशीतली ईशा आणि चाळिशी ओलांडलेला विक्रांत सरंजामे यांच्या वयातल्या फरकावर काहूर उठलं. सुबोध भावे आवडतात, पण हे असं दाखवू नका. पुढे कथानकानं विक्रांतला खलनायक करून टाकलं, पुनर्जन्मही आणला, आणि वयाचा प्रश्न सोयीस्कर बाजूला पडला. ‘रंग माझा वेगळा’त उलट झालं. सावळ्या रंगामुळे नाकारल्या जाणाऱ्या दीपाची ती गोष्ट, पण ते काम रेश्मा शिंदे या गोऱ्या अभिनेत्रीला रंग फासून करावं लागलं. टीका झाली, ती व्हायलाच हवी होती. तरी मालिका वर्षानुवर्षं आघाडीवर राहिली. उकव्याच्या बाजारात पाच मिनिटं उभं राहिलं तरी दीपा शोभतील अशा दहा मुली दिसतील. त्यांना रंगवावं लागणार नाही.

सीमेवरच्या प्रेक्षकाकडे एक गोष्ट पुण्याच्या प्रेक्षकापेक्षा जास्त असते: दोन्ही भाषा सहज कळतात. बंगालीतली ‘श्रीमोयी’ 2019 मध्ये आली. तिच्यावरून त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्टार प्रवाहवर ‘आई कुठे काय करते’ आणि जुलै 2020 मध्ये हिंदीत ‘अनुपमा’. गोष्ट तीच. वीस-पंचवीस वर्षं घरासाठी राबलेली बाई, ऑफिसातल्या बाईच्या मागे गेलेला नवरा, आणि उशिरा सापडलेला स्वतःचा रस्ता. एकाच घरात एका वेळी मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती आणि दुसऱ्या वेळी रूपाली गांगुली यांची अनुपमा पाहिली की फरक आपसूक दिसतो. अनुपमा बोलते फार, रडते मोठ्यानं, नाचतेही. अरुंधती गाणारी, तिचा राग शांत, आणि म्हणून जास्त बोचणारा. अनुपमाचं दुसरं लग्न 2022 मध्ये थाटात लागलं. अरुंधतीचं आशुतोषशी लग्न 2023 मध्ये लागलं, आणि त्याआधी-नंतर मराठी घरांत जे वादंग झालं ते पाहण्यासारखं होतं. लेकरं मोठी झालेल्या बाईनं दुसरं लग्न करावं का? नवऱ्यानं केलं तेव्हा हा प्रश्न इतक्या जोरात का विचारला गेला नव्हता? अरुंधतीला नावं ठेवणाऱ्यांत बायकाही होत्या, आणि तिची बाजू घेणाऱ्यांत लेकी-सुना जास्त. सासू-सून समोरासमोर जे बोलू शकत नाहीत ते अरुंधतीच्या नावावर बोलून घेत होत्या. ‘तिनं असं करायला नको होतं’ या वाक्यातली ‘ती’ कोण, हे घरातल्या सगळ्यांना कळत असतं. पुढे कथानकानं आशुतोषला मारलं, तेव्हा अनेकांना वाटलं की लेखकांनी धाडस केलं आणि मग माघार घेतली. मराठी मालिका नोव्हेंबर 2024 मध्ये थांबली. हिंदी चालूच राहिली.

आता या सगळ्या भांडणात उकव्याच्या प्रेक्षकाचं मत मोजलं जातं का, हा प्रश्न आहे. 2015 पासून देशात बार्क ही संस्था प्रेक्षकसंख्या मोजते. तिनं निवडलेल्या पन्नास हजारांहून जास्त घरांत यंत्र बसवलेलं असतं. वाहिनीच्या आवाजात मिसळलेली, माणसाला ऐकू न येणारी खूण ते यंत्र टिपतं. घरातल्या प्रत्येकानं टीव्हीसमोर बसताना आपापलं बटण दाबायचं. देशात टीव्ही असलेली घरं वीस कोटींच्या वर. म्हणजे या यंत्राची एक पेटी हजारो घरांच्या वतीनं बोलते. ही घरं गुप्त ठेवलेली असतात. इथवर ठीक; नमुना घेऊनच मोजायचं तर असंच मोजावं लागतं.

गोम पुढे आहे. मराठी मनोरंजन वाहिन्यांचं यश-अपयश ठरतं ते ‘महाराष्ट्र-गोवा’ या बाजारपेठेच्या आकड्यांवर. मध्य प्रदेश छत्तीसगडसोबत वेगळ्या रकान्यात जातो. बालाघाट जिल्ह्यात एखाद्या मराठी घरी पेटी असली आणि त्या घरानं रोज रात्री अरुंधती पाहिली, तरी ते पाहणं हिंदीच्या मुलखात नोंदलं जाणार. मराठी वाहिनीचा जाहिरात विभाग त्या रकान्याकडे ढुंकूनही पाहत नाही. दोष कुणा एकाचा नाही. साबण विकणाऱ्याला दुकानं राज्यवार हवी असतात, आणि जाहिरातदार जिथे पाहतो तिथेच लेखकालाही पाहावं लागतं. बालाघाट, बैतूल, छिंदवाडा, बेळगाव, बिदर, बडोदे, इंदूर इथली मराठी घरं मालिका पाहतात, पात्रांवरून भांडतात, पण गुरुवारच्या कागदावर उतरत नाहीत. फेब्रुवारी 2019 पासून ट्राय या नियामक संस्थेच्या नव्या दरपद्धतीत वाहिन्या निवडून घ्यायची सोय झाली, म्हणून हिंदी मुलखातल्या घराला मराठी वाहिनी वेगळे पैसे भरून घेता येते. पैसे भरले म्हणून मत मात्र धरलं जात नाही. आता पुष्कळ जण मालिका मोबाइलच्या ॲपवर पाहतात. दिवाणखान्यातल्या पेटीला तेही कळत नाही.

राधिका नागपूरची का होती, याचं उत्तर कदाचित इथेच आहे. नागपूर महाराष्ट्राच्या रकान्यात येतं, मोठं शहर आहे, तिथे पेट्या आहेत. गोंदियाच्या पलीकडची नायिका आणून आकडा हलत नाही. कोल्हापूरची बोली ‘तुझ्यात जीव रंगला’च्या राणादानं घराघरात नेली, मालवणी अण्णा-शेवंतानं नेली, झाडीबोली बोलणाऱ्या नायिकेला अजून कुणी रात्री आठचा स्लॉट दिलेला नाही. वैनगंगेच्या काठची गोष्ट मिळत नाही असं नाही. खाणीतली पाळी, दोन राज्यांतली सोयरीक, घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, एवढ्यावर वर्षभराचे ट्रॅक निघतील, आणि मसाल्याची कंपनीसुद्धा काढावी लागणार नाही.

या काठच्या प्रेक्षकाचं मत धरावं लागतं, ही गोष्ट नाटकवाल्यांना आधीच कळलेली आहे. उकव्यापासून दक्षिणेला गोंदिया-भंडारा ओलांडलं की गडचिरोलीतलं वडसा, म्हणजे देसाईगंज, लागतं. झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटक कंपन्यांचं ते ठाणं. सुगी आटोपली, दिवाळी झाली की त्यांचा हंगाम सुरू होतो. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. गाणी, लावणी, विनोद, रडारड, सगळं एका तंबूत. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. मुंबईचा समीक्षक या नाटकांना भडक म्हणेल, आणि ती आहेतही. पण इथे खलनायकाला शिव्या त्याच्या तोंडावर मिळतात. विनोद पडला तर शांतता पसरते, ती लेखकाला, मालकाला आणि पेटीवाल्याला एकदमच ऐकू येते. दुसऱ्या गावातल्या प्रयोगाच्या आत तो विनोद बदललेला असतो. नाटक ठरवायला गावातलं मंडळ स्वतः वडशाला जातं, कंपन्यांच्या कार्यालयांत बसून तारीख आणि रक्कम पक्की करतं. प्रयोग पडला तर पुढच्या वर्षी ते शेजारच्या कार्यालयाची पायरी चढतं.